रेडकॅट ५१, देवयानी आणि जुन्नरची अमावस्या : एक लांबलचक रिव्ह्यू

बॉक्स उघडला तेव्हा सासूबाई शेजारी गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला, आतली लाल नळी बघितली आणि विचारलं, "आणि बाकीची कुठंय?" त्यांचंही बरोबर आहे म्हणा, आमच्याकडे गेली सहा वर्षं दुर्बीण म्हणजे ती आठ इंची डॉब (डॉब्सोनियन, आरशाची जाडजूड दुर्बीण), हॉलच्या कोपऱ्यात पाण्याच्या बंबासारखी उभी, पाहुण्यांना वाटतं इन्व्हर्टरचं काहीतरी आहे. त्या मानाने ही म्हणजे पोह्याचा डबा. आणि किमतीचा आकडा मी घरात अर्धाच सांगितलाय, नवरा एवढं लांब काही वाचत नाही म्हणून इथे बिनधास्त लिहितेय.

तर रिव्ह्यू आहे विल्यम ऑप्टिक्सच्या रेडकॅट ५१ चा, तिसरी आवृत्ती, ज्यात फोकस आतल्या आत होतो ती. सोबत झेडडब्ल्यूओचा एएसआय ५३३ एमसी प्रो कॅमेरा आणि एक छोटा गोटू माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून मोटरने ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड. माउंटच्या कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, का ते पुढे येईलच. सगळं घेतलं जूनमध्ये, हो, जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर दुर्बीण घेणारी पुण्यातली मी एकटीच असणार. चार महिने ड्राय बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर पडून होती कारण आपल्या पावसाळ्यात काच उघडी ठेवली की बुरशी धरते, डॉबच्या आयपीसचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं, तसं झालेलं आहे, एकदा हात पोळलेत. खरा वापर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधला, गच्चीवरच्या सातआठ रात्री आणि जुन्नरकडची एक पूर्ण रात्र. त्यावरूनच बोलतेय.

आधी लहान का घेतली ते सांगते, कारण सगळे तेच विचारतात. मला फोटो काढायचा होता देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे एम ३१, अँड्रोमेडा. लोकांना वाटतं ती लांब आहे म्हणजे बारीक दिसत असणार, मोठी दुर्बीण पाहिजे, झूम पाहिजे. उलटं आहे. २५ लाख प्रकाशवर्षं लांब असली तरी ती आकाशात तीन अंश पसरलेली आहे, सहा पौर्णिमेचे चंद्र एका ओळीत ठेवले तर जेवढं होईल तेवढी. आपल्याला दिसत नाही कारण कडा फार मंद आहेत, नुसत्या डोळ्यांनी दिसतो तो फक्त मधला गाभा, पुसट कापसाच्या बोळ्यासारखा. माझ्या डॉबची फोकल लेंथ १२०० मिमी (ती जितकी जास्त तितकं झूम जास्त आणि आकाश कमी), तिला हा कॅमेरा लावला तर अर्ध्या अंशाची फ्रेम मिळते, म्हणजे एक चंद्र मावेल एवढीच. त्यात देवयानीचं पोट येतं फक्त. हत्तीचा फोटो काढायला जाऊन त्याच्या कानाचा काढून आल्यासारखं. रेडकॅट २५० मिमीची आहे, एफ/४.९, त्यावर ५३३ चा चौकोनी सेन्सर २.६ अंश गुणिले २.६ अंश एवढं आकाश पकडतो. तीन अंशांची दीर्घिका २.६ च्या चौकोनात कशी बसणार असं ज्यांना वाटलं त्यांना शंभर मार्क, ती कर्णावर तिरकी बसवायची, कर्ण ३.६ च्या वर भरतो. मी हे गणित घेण्याआधी वहीत केलं होतं आणि तरी पहिल्या रात्री माती खाल्ली, सांगते.

"मग सीस्टार का नाही घेतला?" हा दुसरा प्रश्न, मैत्रिणीने तर तीनदा विचारला. सीस्टार म्हणजे कॅमेरा, माउंट सगळं आतच असलेली, फोनवर चालणारी तयार दुर्बीण. खरं सांगू का, ज्यांना संध्याकाळी गच्चीवर ठेवून फोनवर फोटो बघायचाय त्यांनी तोच घ्यावा, कटकट नाही. सीस्टार एस ५० पण ५० मिमीचा आणि २५० मिमी फोकल लेंथचाच आहे, गंमत बघा, म्हणजे नळी जवळजवळ माझ्याइतकीच, पण त्याचा सेन्सर बारका, फ्रेम सव्वा अंश गुणिले पाऊण अंशाच्या आतबाहेर. देवयानी त्यात मोझॅक करूनच, म्हणजे तुकड्यातुकड्यांचे फोटो जोडूनच बसते. आणि मला सगळं हाताने करायची खोड आहे, भाजणीसुद्धा मी विकतची आणत नाही.

आता दुर्बिणीबद्दल. काच अप्रतिम आहे, इथे मी हातचं राखून बोलणार नाही. पेट्झव्हल डिझाइन असल्याने फील्ड फ्लॅटनर, म्हणजे कोपऱ्यातले तारे सरळ करणारी जादा काच, वेगळा लावावा लागत नाही, सेन्सर आणि काचेमधलं ते ५५ मिमीचं अंतर मोजत बसायचं, वॉशर घालायचे, काढायचे, हा सगळा छळ नाही. कॅमेरा फिरवून लावला, फोकस केला, झालं. पहिल्याच फ्रेममध्ये चारही कोपऱ्यातले तारे टिंबासारखे गोल. माझ्या जुन्या कॅमेरा लेन्समध्ये कोपऱ्यात सगळे तारे पक्षी होऊन उडत असायचे, त्यामुळे मला पाच मिनिटं विश्वासच बसला नाही, झूम करकरून बघत होते. अर्थात ५३३ चा सेन्सर छोटा आहे, मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवाल्यांना कोपऱ्यांत काय दिसतं ते त्यांनी सांगावं, मी माझ्या चौकोनापुरतं बोलतेय. झाकणातच बाहतिनोव्ह मास्क दिलाय हे फार आवडलं, म्हणजे झाकणाचा पुढचा भाग फिरवून काढला की आत त्या रेघांची जाळी, तेजस्वी ताऱ्यावर धरली की स्क्रीनवर तीन रेघा दिसतात आणि मधली बरोबर मध्ये आली की फोकस लागला. मी नेहमी मास्क घरी विसरणारी बाई आहे, झाकण विसरायचा प्रश्नच येत नाही. फक्त मास्क काढायला विसरू नका हं. एकदा पंचवीस मिनिटं प्रत्येक तारा काटेरी येतोय म्हणून मी नळीला शिव्या देत होते.

फोकसर गुळगुळीत आहे, थंडीत पण जड होत नाही. मात्र तापमान उतरलं की फोकस थोडा सरकतो, हे कुठल्याही दुर्बिणीत होणारच, आपल्याकडे नोव्हेंबरात संध्याकाळी पंचविशी आणि मध्यरात्री बारातेरा अंश, तेव्हा दर तासा-दीड तासाला मास्क लावून बघावं लागतं. ऑटोफोकस मोटर लावता येते पण माझं बजेट तोवर स्वर्गवासी झालं होतं.

गच्ची. सिंहगड रोडवर आमची सोसायटी, आठवा मजला, वर पाण्याच्या टाक्या, आणि उत्तरेला नवीन चोवीस मजली टॉवर. इथे पुण्याच्या लोकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. यूट्यूबवर जे गोरे लोक दाखवतात ना, ध्रुव तारा बघा, माउंटमधल्या छोट्या पोलर स्कोपमध्ये घ्या, झालं, त्यांचा ध्रुव चाळीस-पन्नास अंशांवर असतो. आपला ध्रुव साडेअठरा अंशांवर, कारण पुण्याचा अक्षांशच तेवढा. म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमागे, नाहीतर आंब्याच्या झाडामागे. मला गच्चीवरून ध्रुव दिसतच नाही, टॉवरच्या सोळाव्या मजल्याच्या बाल्कनीत कुठेतरी असावा, तिथे कुणाचे तरी टॉवेल वाळत असतात. पोलर अलाइनमेंटसाठी, म्हणजे माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी जुळवायला, मी लॅपटॉपवर निना नावाचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे, त्यात तीन ठिकाणी फोटो काढून, तारे ओळखून, माउंटचा अक्ष किती चुकलाय ते सांगणारं प्लगइन आहे, त्याला ध्रुव दिसायची गरजच नाही. हे मिळालं नसतं तर मी सगळं विकून टाकलं असतं.

आणि हे अलाइनमेंट प्रकरण एवढं महत्त्वाचं का, तर पृथ्वी फिरतेय. या नळीवर आणि या कॅमेऱ्यावर एका पिक्सेलमध्ये साधारण ३.१ आर्कसेकंद (एका अंशात ३६०० असतात) आकाश येतं, आणि देवयानी असते त्या भागातले तारे सेकंदाला अकरा आर्कसेकंदांच्या वर सरकतात. म्हणजे माउंट बंद असेल तर पाव सेकंदात तारा एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर. मी दोन मिनिटांच्या फ्रेम काढते. तेव्हा फोटो खरा माउंट काढतो, दुर्बीण नुसती बघत असते.

पहिली रात्र अशी गेली की कॅमेरा मी पंचेचाळीस अंश फिरवून लावला, डोक्यात होतं ना "तिरकी बसवायची". पण देवयानी आकाशात मुळातच तिरकी आहे! तिचा लांब अक्ष उत्तरेपासून पूर्वेकडे ३५ अंश कललेला. कॅमेरा सरळ, उत्तर वर ठेवून लावला की ती आपसूक जवळजवळ कर्णात येते, दहा अंश इकडेतिकडे केलं की झालं. मी पंचेचाळीसने फिरवल्यामुळे ती चौकटीच्या कडेला समांतर झाली आणि दोन्ही टोकं कापली गेली. दोन तासांचा डेटा. नवरा म्हणाला, "छान आलीये की, फक्त डोकं आणि पाय नाहीयेत."

गच्चीवरचा डेटा एकूण सहा तास जमवला. खरं सांगायचं तर, गाभा येतो, बाजूच्या दोन छोट्या दीर्घिका येतात, एम ३२ आणि एम ११०, धुळीचा एक पट्टा ओढूनताणून दिसतो, आणि त्यापलीकडे सगळा चहात बिस्कीट पडल्यासारखा रंग. मित्राकडे आकाशाचा उजेड मोजायचं एसक्यूएम मीटर आहे, आमच्या गच्चीवर १८ दाखवतं. जुन्नरला २१ च्या किंचित खाली. हे आकडे मॅग्निट्यूडमध्ये असतात आणि जितका मोठा आकडा तितका अंधार, तीन मॅग्निट्यूड म्हणजे साधारण सोळा पट उजेड. जुन्नरला एका तासात जे मिळतं त्याला गच्चीवर पंधरा-सोळा तास घालवावे लागतील असा ढोबळ हिशोब, आणि तोही त्या काळात सोसायटीच्या सेक्रेटरींनी टाकीवरचा नवा फ्लडलाइट चालू केला नाही तर. तो फ्लडलाइट कशासाठी लावलाय हे आजतागायत कुणाला माहीत नाही, पाण्याच्या टाकीला रात्री काय भीती वाटते का.

इथेच दुकानदाराची तक्रार. नाव घेत नाही. ऑनलाइन विक्रेता, फोनवर गोड बोलतो, "मॅडम तुम्ही शहरात राहता ना, मग हा ड्युअल बँड फिल्टर घ्याच, लाइट पोल्यूशन गायब." फिल्टर साधासुधा नव्हता, दुर्बिणीच्या किमतीच्या पाव तरी असेल. आता हा फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे दोनच बारीक पट्टे आत सोडतो, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघासाठी उत्तम. पण दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रकाश, सगळ्या रंगांचा, तुम्ही दोन पट्टे सोडून बाकी सगळं अडवलंत तर शहराच्या उजेडाबरोबर दीर्घिकाही अडवलीत. तिच्यातले गुलाबी हायड्रोजनचे ठिपके तेवढे उठून दिसतील. मी म्हटलं दीर्घिकेसाठी पाहिजे हो, तर म्हणे "चालतो ना, सगळ्याला चालतो." सगळ्याला चालतो ते फक्त मीठ. वर माउंटबरोबर काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळायचं वजन, पाठवायचं विसरले आणि ते यायला नऊ दिवस आणि अकरा ईमेल लागले. पॅकिंग मात्र छान होतं, ते म्हणावं लागेल, खोक्यात खोकं, त्यात खोकं, धाकट्याने त्याचा किल्ला केला.

माउंट. पाच किलोपर्यंत वजन पेलतो असं कागदावर लिहिलंय, माझं सगळं मिळून त्याच्या निम्म्याच्या थोडं वर जातं, त्यामुळे वजनाची काळजी नाही. पण माझ्या पीसमध्ये डेक्लिनेशनच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण फिरवणाऱ्या गिअरला खेळ होता, म्हणजे मोटर दिशा बदलते तेव्हा काही सेकंद नुसतीच फिरते, दात दाताला लागतच नाही, गाइडिंगचा, म्हणजे माउंटची चूक सतत मोजून सुधारायचा आलेख भूकंपाच्या कागदासारखा. नाव यासाठी लिहीत नाही की एखादा पीस असा निघू शकतो, दुसऱ्या कुणाचा लोण्यासारखा चालत असेल. उपाय म्हणाल तर मी दुर्बीण मुद्दाम किंचित पुढे जड ठेवते, तराजू बरोबर मध्ये आणत नाही, त्यामुळे गिअर कायम एकाच बाजूला रेललेला राहतो. आजोबा रहाटाचा दोर कधी सैल सोडत नसत, नाहीतर पोहरा हिसका देतो म्हणायचे, तेच तत्त्व. पीएचडी टू म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, छोटी गाइड दुर्बीण आणि छोटा कॅमेरा लावून ते माउंटला सारखं सांगत राहतं की सरकलास, मागे ये. आता माझी चूक दीड आर्कसेकंदाच्या आत राहते, आणि पिक्सेल ३.१ चा आहे, म्हणजे तारे गोल. लांब फोकल लेंथच्या दुर्बिणीला हा माउंट रडवेल, रेडकॅटला खपून जातो. नवीन लोकांनी लहान नळीपासूनच सुरुवात करा असं जुनी मंडळी सांगतात त्याचं कारण आत्ता कळलं मला, चुका लपतात.

वायरींसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्ली. बारा व्होल्टची लिथियम बॅटरी, कॅमेऱ्याच्या कूलिंगला (सेन्सर थंड ठेवला की फोटोत कचकच कमी येते) वेगळी लाइन, माउंटला वेगळी, काचेवर दव धरू नये म्हणून असलेल्या ड्यू हीटरला वेगळी. तिथल्या एका दुकानातल्या काकांनी दुर्बीण शब्द ऐकल्यावर काउंटरवरच सगळं मांडून प्लगचं प्लस-मायनस मीटर लावून तपासून दिलं, हीट श्रिंक फुकट घातलं आणि वर विचारलं "शनीची कडी दिसतात का ओ यातून?" नाही दिसत धड, काका, एवढ्याशा नळीतून शनी म्हणजे तिळाएवढा. ते जरा हिरमुसले.

आता जुन्नर. ऑक्टोबरची अमावस्या लक्ष्मीपूजनाला गेली, त्या दिवशी दुर्बीण घेऊन घराबाहेर पडण्याचा विषय काढला असता तर सासूबाईंनी मलाच ओवाळून बाहेर ठेवलं असतं. शिवाय दिवाळीत पुण्याच्या आसपास धूरच इतका. म्हणून कार्तिक अमावस्या, नोव्हेंबरातली. नणंदेचं सासर माणिकडोह धरणाच्या पुढे एका वस्तीवर आहे, तिथे जायचं ठरलं. बरेच जण वेल्हे, पानशेत, भोर सुचवतात, जवळ पडतं म्हणून, पण देवयानीसाठी माझं मत वेगळं आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे. ती आपल्याकडून उत्तरेला दिसते, डोक्यावरून जाताना ६७-६८ अंशांवर. तुम्ही वेल्ह्याला गेलात तर पुण्याचा उजेड तुमच्या ईशान्येला, म्हणजे ती ज्या बाजूने चढते बरोबर तिथेच. जुन्नरला गेलात तर पुणे, चाकण सगळं पाठीमागे दक्षिणेला. फक्त पश्चिमेला कल्याण-मुंबईचा उजेड आहे, सह्याद्रीच्या आडून वर येतो, तो रात्री उशिरा ती वायव्येला उतरायला लागल्यावर नडतो. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची २ मीटरची दुर्बीण त्याच अंगाला गिरवलीला आहे, आणि खोडद आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या, त्यांना उजेडाशी देणंघेणं नाही म्हणा, त्या रेडिओ ऐकतात. पण जाताना नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे कुठे लांबून दिसल्या की मला उगाच माहेरची माणसं दिसल्यासारखं होतं.

चाकणला दीड तास गेला. तो सगळ्यांचाच जातो, त्यावर काय लिहायचं.

वस्तीवर आबा आणि आक्का, म्हणजे नणंदेचे सासू-सासरे. पोचल्या पोचल्या आक्कांनी नियम सांगितला, "अंगणाच्या बाहेर नाही हां जायचं, बिबट्या येतो." माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे, तेव्हा ही काही मुलांना घाबरवायची गोष्ट नव्हे. मग गोठा आणि तुळशीवृंदावन यांच्या मधल्या सारवलेल्या जागेत ट्रायपॉड लावला, पायाखाली तीन फरश्या ठेवल्या. उत्तरेला मोकळं, ध्रुव डोंगराच्या वर चांगला चार बोटं. इतक्या वर्षांनी ध्रुव तारा असा समोर बघून मी त्याला नमस्कारच केला.

सव्वासातला पूर्ण काळोख. भाद्रपदांचा चौकोन वर, त्याच्या कोपऱ्यातून दोन तारे पुढे, मग उजव्या अंगाला नाही, डाव्या, शर्मिष्ठेकडे दोन तारे सरकायचं, आणि तिथे ती. नुसत्या डोळ्यांनी. अस-सूफी नावाच्या फारसी खगोलज्ञाने ९६४ साली तिची नोंद केली ती छोटासा ढग म्हणून, आणि खरंच दुसरा शब्द नाही. बाय द वे आपल्याकडे ज्यांनी या तारकासमूहांना नावं दिली त्यांना मानलं पाहिजे, देवयानी, शर्मिष्ठा, ययाती आणि वर शर्मिष्ठेचे वडील वृषपर्वा, सगळ्यांना एकाच कोपऱ्यात बसवलंय, म्हणजे भांडण आकाशातसुद्धा मिटायला नको.

कॅमेरा उणे १० अंशांवर, हवा सोळा अंश, काही त्रास नाही. हा कॅमेरा बाहेरच्या हवेपेक्षा ३५ अंशांपर्यंत खाली जातो, गच्चीवर ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र काठावर पास होत होता. दोन मिनिटांची पहिली फ्रेम स्क्रीनवर आली, एकच, काहीही प्रोसेस न केलेली, आणि तीत धुळीचे दोन पट्टे स्वच्छ. गच्चीवर सहा तासांत जे आलं नव्हतं ते. आक्का मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "परातीत पीठ सांडल्यावाणी दिसतंय." आबांना अंतर सांगितलं, उजेडाला यायला पंचवीस लाख वर्षं लागतात म्हटलं, त्यांनी मान हलवली, मग थोड्या वेळाने विचारलं, "आणि हे सगळं सामान केवढ्याला?" ते पण सांगितलं, इथे पूर्ण आकडा, कारण आबा कुणाला बोलत नाहीत. "दोन म्हशी आल्या असत्या," म्हणाले. रागाने नाही, हिशोब म्हणून.

साडेनऊच्या सुमाराला ती माथ्यावर येते तेव्हा या प्रकारच्या माउंटला पलटी मारावी लागते, दुर्बीण माउंटच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. पलटी मारताना कॅमेऱ्याची वायर काउंटरवेटच्या स्क्रूला अडकली आणि यूएसबी निघाली, सगळं बंद, पुन्हा जोडा, पुन्हा कूलिंग, पुन्हा फ्रेम जुळवा, चाळीस मिनिटं गेली. चूक शंभर टक्के माझी, वायरी बांधायला वेल्क्रो घेतलं होतं आणि ते पुण्यात टेबलावर. शेवटी आक्कांनी दिलेल्या सुतळीने बांधलं. मग अकराला शेतीची लाइट आली, शेजारच्या मळ्यात मोटार चालू करायला एक जण निघाला, त्याने बॅटरी थेट आमच्यावर मारली, "कोन हाय तिकडं?" आबांनी इकडून ओरडून सांगितलं की सून आलीये पुण्याची, फोटो काढतीये. "कशाचा?" "आभाळाचा." पलीकडे बराच वेळ शांतता. तीन फ्रेम गेल्या, पण त्या माणसाचा काय दोष, रात्रीची लाइट मिळते म्हणून रात्री पाणी भरावं लागतं, त्याला कुणी विचारलंय.

दव भयंकर. धरण जवळ, बाराच्या पुढे लॅपटॉपचं झाकण ओलं, वह्या ओल्या, पण दुर्बिणीच्या तोंडाशी हीटरची पट्टी होती म्हणून काच शेवटपर्यंत कोरडी. ही पट्टी सगळ्यात स्वस्त वस्तू आहे सेटअपमधली आणि ती नसेल तर बाकी सगळ्याचा उपयोग शून्य. एक वाजता देवयानी पश्चिमेच्या उजेडात उतरायला लागली तेव्हा थांबले. ११० फ्रेम, दोन मिनिटांच्या, म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं, त्यातल्या चौदा फेकल्या. उपग्रहांच्या रेघा बऱ्याच फ्रेममध्ये होत्या, पण त्या स्टॅक करताना, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करताना, आपोआप गळतात. पहाटे नळीच्या तोंडावर आबांचं पांढरं उपरणं ताणून फ्लॅट फ्रेम घेतल्या, काचेवरच्या धुळीचे डाग आणि कडेचा काळोख नंतर फोटोतून काढायला त्या लागतात. धुतलेलं होतं, हो.

प्रोसेसिंग सिरिलमध्ये, उजेडाचा उतार काढायला ग्राएक्सपर्ट, दोन्ही फुकट. दोन संध्याकाळी गेल्या. फोटोत काय आलं ते लिहिते कारण शेवटी त्यासाठीच खटाटोप: तीन मोठे धुळीचे पट्टे, बाहेरच्या कडेचा निळसर रंग, नैर्ऋत्येच्या टोकाला एनजीसी २०६ हा ताऱ्यांचा ढग वेगळा ओळखू येतो, एम ११० ची अंडाकृती कड, आणि बारीक गुलाबी ठिपके. गाभा जरा जळलाय, पुढच्या वेळी वीस-तीस सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन मिसळायला लागतील. १९२३ मध्ये हबलला माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीत तिथे जो एक चंचल, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा सापडला आणि त्यावरून ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची गोष्ट आहे हे कळलं, तो तारा मी नकाशा लावून माझ्या फोटोत शोधला. नाही सापडला. दोन इंची नळीकडून तेवढी अपेक्षा करणं म्हणजे जरा जास्तच, तरी एक तास शोधला.

तर दुर्बिणीला पाचपैकी पाच, कॅमेऱ्याला साडेचार, अर्धा यासाठी की चौकोनात देवयानी बसते पण तिच्या भोवती श्वास घ्यायला जागा उरत नाही, याहून मोठा एपीएस-सी सेन्सर परवडत असेल तर तो घ्या. माउंटला तीन. दुकानदाराला काउंटरवेटसकट एक. ज्यांच्याकडे फक्त गच्ची आहे आणि शनिवार-रविवारी बाहेर पडणं जमणार नाही त्यांनी या नळीवर देवयानीसाठी पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, त्यांनी फिल्टर लावून तेजोमेघ करावेत, त्याला ही झकास आहे. आणि घ्यायच्या आधी टिळक रोडला ज्योतिर्विद्या परिसंस्थेत एक चक्कर मारा, हौशी आकाशनिरीक्षकांची १९४४ पासूनची संस्था आहे, तिथल्या मंडळींशी अर्धा तास बोललात तर माझ्यासारखे अकरा ईमेल करावे लागणार नाहीत.

सासूबाईंना फोटो मोठा प्रिंट करून दाखवला. नीट बघितला, बराच वेळ. मग म्हणाल्या, "आता ती मोठी हॉलमधून काढणार का?" डॉब कुठेही जाणार नाही, चंद्र आणि शनी तिच्याचकडे आहेत. डिसेंबरच्या अमावस्येला त्रिकोणातली एम ३३ करायचा विचार आहे, आक्कांना फोन केला होता, त्या म्हणाल्या या, पण येताना चितळ्यांची बाकरवडी आणा, आणि सुतळी इथं आहे म्हणावं.